बंद ठेवलेला फोन

आमच्या चकलांब्यात मेल्याची बातमी फोनवर देत नाहीत. बाहेरगावच्या लेकीला, पोराला "तब्येत लई बिघडलीय, निघून ये" एवढंच कळवायचं. रडायचं ते घरी आल्यावर. गावात असले फोन करायचं काम माझ्याकडंच, कारण मी म्हणे धीराचा. कितीतरी जणांना मी असं खोटं बोलून घरी आणलंय.

माझा धाकटा भाऊ तेलाच्या जहाजावर इंजिनखात्यात होता. मेंढरं राखणाऱ्या घरातलं पोरगं समुद्रावर गेलं म्हणून आई गावभर मिरवायची. मग आखातात लढाई पेटली. पहिल्या आठवड्यात विमानांनी बंदरं फोडली. दुसऱ्या आठवड्यात समुद्रातली वाट अडली आणि याचं जहाज नांगर टाकून उभं राहिलं.

"नौदलाचं जहाज सोबतीला आलं की सोडत्यात म्हणं," तो फोनवर म्हणाला. "वरून विमानं गेली की ताटल्या वाजत्यात. आईला सांगू नको."

मी सांगितलं नाही. टीव्हीची वायरच काढून ठेवली आणि उंदरानं कुरतडली म्हणून ठोकून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मुंबईहून त्याच्या कंपनीतल्या माणसाचा फोन आला. जहाजावर ड्रोन आदळलं, आग लागली, तुमचा भाऊ भाजलाय, तिकडच्या दवाखान्यात आहे, तब्येत गंभीर आहे. बिचारा सगळं नीट सांगत होता. मी मनात म्हटलं, बाबा रे, हे तू मला शिकवतोस का! मी एवढंच विचारलं, "आणणार कधी?"

"डॉक्टरांनी परवानगी दिली की," तो म्हणाला. मला वाटलं, देह सोडायच्या कागदपत्रांचं म्हणत असेल.

आईजवळ बसलो आणि तो गेला म्हणून सांगून टाकलं. तिनं फोडलेला हंबरडा ऐकून सगळी वस्ती गोळा झाली. पाव्हण्यांचे फोन थांबेनात, म्हणून मी मोबाइल बंद करून कोनाड्यात ठेवला. लई शहाणा मी!

तिसऱ्या दिवशी सकाळी, देह कधी येणार ते विचारायला मोबाइल चालू करून फोन लावला. कंपनीतला माणूस चिडलाच. "कुठे होतात तुम्ही? आज पहाटे गेले ते."

"आज?"

"दोन दिवस शुद्धीवर होते. नर्सच्या फोनवरून सारखा तुमचाच नंबर लावत होते."

मी त्याला दोन दिवस आधीच मारून टाकलं होतं. हे मी कुणाला सांगू?

मोबाइलवर त्यानं पाठवलेला आवाज येऊन पडला होता. धाप लागलेली, पण राग नाही. "दादा, कावून उचलत न्हाईस? आईला दे जरा."

आईपासून आता काही लपवायची हिंमत उरली नव्हती. तिला ऐकवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग मोबाइल माझ्या हातातून घेऊन तोंडाजवळ धरला.

"हाय रे बाळा, हितंच हाय मी," ती म्हणाली. "बोल."