उत्तर केतकीचे, अक्षर माझे

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. माझ्या मुलीला, केतकीला, हे कसं सांगायचं याचाच विचार करत घरी पोचलो... पण तिला आधीच कळलं होतं. ती त्यांच्या दारात बसून होती. या गोष्टीला आता महिना होईल.

करी रोडच्या आमच्या इमारतीत ताई वरच्या मजल्यावर राहायच्या. परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर त्यांची सारी नोकरी झाली. केतकी पाचवीत असताना त्यांच्याकडे अभ्यासाला जाऊ लागली. ऐकलेला धडा ती घडाघडा सांगायची, पण लिहायला बसली की अक्षरं उलटसुलट व्हायची. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तालुक्याच्या शाळेत गिरवून गिरवून शिकलेला. म्हणून चुकलेला प्रत्येक शब्द तिला वीस वेळा लिहायला लावायचो. शेवटी तिनं शाळेत जायचंच नाकारलं. त्याच आठवड्यात तिच्या वहीत मला दुसऱ्याचं अक्षर दिसलं. तडक वर गेलो.

"ताई, ही शाळेची फसवणूक आहे."

"खालची ओळ वाचलीत का, सावंत? ग्रॅज्युएट ना तुम्ही?"

प्रत्येक उत्तराखाली लिहिलं होतं, 'उत्तर केतकीचे, अक्षर माझे.' शेजारी सही.

"पेशंट सांगायचा, मी केसपेपरवर लिहायचे. म्हणून त्याचा खोकला माझा झाला काय? आता ही वही घेऊन बाईंकडे जा. वडील तुम्ही आहात."

शिक्षकांपुढे मी कधी मान वर केली नव्हती... तरी केतकीला घेऊन गेलो. काय बोललो ते धड आठवत नाही. बाईंनी तिला तिथंच चार प्रश्न विचारले, तिनं चारही उत्तरं सांगितली. "दोन ओळी तरी स्वतः लिहायच्या," एवढ्या अटीवर त्यांनी वही स्वीकारली. केतकी शाळेत टिकली. आज नववीत आहे. दोनाच्या आठ ओळी झाल्यात, बाकीचं अजून कोणाला तरी लिहावं लागतं.

लिहून झालं की ताई मोठ्यानं वाचायच्या आणि विचारायच्या, "असंच म्हणालीस ना गं?" हल्ली संध्याकाळी लिहायला मी बसतो आणि तसंच विचारतो. परवा शाळेच्या आठवणींवर निबंध होता. मी वाचलं, "लहानपणी मला अभ्यासाची भीती वाटायची. असंच ना?"

"अभ्यासाची नाही," केतकी म्हणाली. "मी 'बाबांची' म्हटलं होतं."

तो शब्द मी खोडला आणि तिचा लिहिला.