वाटीभर मिठाचा प्रवास

समस्त भावकीस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, ऐन वैशाखात, लोणच्याच्या कैऱ्या झाडावरून उतरत असताना, आमच्या थोरल्या काकूचा उजवा हात मोडला. झाडावरच्या काकांना खालून सूचना देत ती मागे मागे सरकली आणि कैऱ्यांच्या ढिगात जाऊन बसली.

हात कुणाचाही मोडतो. पण निडीजवळच्या आमच्या घरात फोडींवर पहिलं वाटीभर मीठ त्याच हाताने पडायचं. त्या हाताला गुण होता म्हणे. धाकटी काकू लग्न होऊन आली त्या वर्षी एकदाच तिने मीठ घातलं आणि बरणीला बुरशी आली. तेव्हापासून, म्हणजे तीसेक वर्षं, लोणच्याच्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर उभी राहून हळद-मोहरी आत देते. काकांचा हात कुणी विचारातही घेतला नाही.

थोरलीच्या मनगटात तार घालायची म्हणून तिला पेणच्या दवाखान्यात ठेवलं. इकडे कैऱ्यांना पाड लागून त्या पिकायची भीती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"मीठ इकडं आणा. मी हात लावून देते. मग धाकटीला म्हणावं, लाकडी डावानं फोडींवर टाक. बोट लावायचं नाय."

धाकटी काकू आणि मी झाकणाच्या डब्यात वाटीभर जाडं मीठ घेऊन वॉर्डात हजर झालो. थोरलीच्या प्लास्टरमधून बोटांची तेवढी टोकं बाहेर होती. मी डावा हात सुचवला, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की शेजारच्या खाटेवरचे आजोबा सावरून बसले. मग तिने डोळे मिटले आणि ती टोकं मिठात बुडवली. सलाईन बघायला आलेली नर्स शेवटपर्यंत हलली नाही. पुढे इंजेक्शन झालं आणि थोरली घोरू लागली.

तेवढ्यात वॉर्डात जेवण आलं. वरण अळणी होतं. आजोबांची नजर डब्यावर गेली.

"बाय, चिमूटभर देतेस?"

आजारी माणसाला मिठाला नाही कसं म्हणायचं? धाकटीने दिलं. मग पलीकडच्या खाटेने मागितलं, मग तिच्या पलीकडच्या. थोरलीची सोडून बाराच्या बारा खाटा झाल्या. एका बाईंनी रात्रीच्या भातासाठी कागदात पुडी बांधून घेतली. डबा आमच्याकडे परत आला तेव्हा आत चार खडे होते, आणि तेही आजोबांनी काकडीला लावले.

परतीच्या रिक्षात नागोठणं येईपर्यंत धाकटी रिकाम्या डब्याचं झाकण उघडझाप करत होती. मग म्हणाली, "तू काय बघितलंस?"

"काय नाय."

"व्हय. मग तसंच ऱ्हाऊ दे."

घरी आल्यावर तिने तीनदा हात धुतले, उंबरा ओलांडून आत गेली आणि मडक्यातलं मीठ मुठीने फोडींवर टाकलं. डाव भिंतीला टेकलेलाच राहिला.

पुढचे जवळजवळ चार महिने त्या बाईने जे भोगलं ते तिलाच ठाऊक. रोज सकाळी ती बरणीच्या तोंडाला बांधलेल्या दादऱ्याचा वास घ्यायची. बुरशी आली असती, तर उरलेला जन्मही उंबऱ्याबाहेर गेला असता. भर पावसात शेजारणीच्या बरणीला पांढरी साय आली, तर ही दोन दिवस जेवली नाही.

गौरीच्या जेवणाला थोरलीने स्वतः दादरा सोडला. फोडी करकरीत होत्या. पहिली पंगत लोणच्यावरच अडून बसली. कोलाडचे व्याही तर भात सोडून लोणचंच मागत होते. थोरलीने तार घातलेला हात वर करून पंगतीला दाखवला.

"हाड मोडलं तरी गुण जात नाय. दवाखान्यातनं नुसती टोकं लावली होती," असं म्हणून ती धाकटीकडे वळली. "नायतर तुझ्या हातानं काय झालं असतं गो?"

धाकटीच्या हातात वाढायची वाटी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पापडात तोंड खुपसलं.

"जाऊबाय, तुमचं मीठ वॉर्डातल्या बारा माणसांनी वरणात कालवून खाल्लं. ह्यातलं माझ्या हातचं हाय. वाढू का आनखी?"