पन्नास ठिपक्यांची वंदना

गोंदियाला जायचं ठरलं ते राजेशच्या फोनमुळे. माझी मैत्रीण वंदना जाऊन वर्ष होत होतं. राजेश तिचा भाऊ. म्हणाला, "ताई, तुमच्याजवळ तिचा फोटो हाय ना? मोठा करून आना. आईले पायजे." वंदना फोटोला कधी उभीच राहायची नाही. माझ्याकडे एकच होता, कोहमाऱ्याच्या ढाब्यावर आम्ही चौघी, ती अगदी कडेला. मूळ फोटो हरवलेल्या फोनसोबत गेला, व्हॉट्सॲपवरचा तेवढा उरला.

नागपूरहून सकाळची गाडी धरली तर दोनेक तासांत गोंदिया. खिडकीची जागा मिळाली तर दोन्हीकडे धानाच्या बांध्या दिसत राहतात. स्टेशनबाहेर पोहे खाऊन बाजारातल्या एका फोटो लॅबमध्ये गेले.

लॅबवाल्याने फोटो स्क्रीनवर ताणला. "मॅडम, इसमें चेहरा हैच नहीं." मग त्याने नीट समजावलं. मोठ्या प्रिंटला इंचाला दीडशे तरी ठिपके लागतात. फूटभर रुंद चेहऱ्याला अठराशे हवेत, आणि इथे वंदनाचा चेहरा जेमतेम पन्नास ठिपक्यांचा. बाकीचे सॉफ्टवेअर भरून देईल म्हणाला. मी हो म्हटलं.

पाहता पाहता धुरकट डागांतून पापण्या उगवल्या, बुबुळं आली, ओठांवरच्या रेषासुद्धा. सुंदर, ठसठशीत चेहरा. मला जरा गारठल्यासारखं झालं. का ते सांगता येईना, म्हणून फ्रेम घेतली आणि ऑटोने मुर्रीला, वंदनाच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धमूर्तीच्या बाजूला, खुर्चीवर फोटो ठेवला. मेणबत्त्या लावल्या, पंचशील झालं. अगदी वंदनाच, असं शेजारणी म्हणत होत्या. तिची आई मात्र खोलीत जिकडे बसेल तिकडून उठत होती. शेवटी दाराशी जाऊन पाठमोरी बसली. मी जवळ गेले.

"हे पोरगी माह्याकडे पाहून राहिली," ती हळूच म्हणाली, "पन मले ओळखत नाही."

मी फोटोकडे पाहिलं. त्या डोळ्यांत खरंच कोणी ओळखीचं नव्हतं. फ्रेम उचलताना फोटोतली ती माझ्याकडेही तशीच बघत होती.

दुपारी पुन्हा लॅब गाठली. व्हॉट्सॲपवरचाच फोटो काही न भरता, पाच बाय सातमध्ये छापून घेतला. परत आल्यावर वंदनाच्या आईने तो डोळ्यांशी नेला, कडेच्या धुरकट चेहऱ्यावर अंगठा ठेवला. "हे हाय माही पोरगी," एवढंच बोलली.

तुम्हाला कुणाचा फोटो मोठा करायचा असेल तर मूळ फाइल आजच मागून घ्या.

मोठी फ्रेम मुर्रीत कुणी ठेवून घेईना, आतला फोटो फाडायला कुणाचा हात धजेना. ती माझ्याबरोबर नागपूरला आली, कपाटामागे भिंतीकडे तोंड करून आहे. वंदनाला आठवायला मी डोळे मिटते, तर आधी तीच बाई येते. वंदना तिच्यामागे कुठेतरी उभी असते, पण ही बाजूला होत नाही.