दोराचं दुसरं टोक

माझ्या सासऱ्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांनी पोटासाठी धंदा निवडला तो उंच इमारतींच्या काचा बाहेरून लटकून पुसण्याचा! आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींचं घराणं एकोडी गावचं, पिढ्यान्‌पिढ्या धान लावणारं. पण मामाजी धानाच्या बांधीत उतरायला भीत, कारण चिखलात साप असतो. तलावावर जायला भीत, कारण पाण्यात जळवा असतात. मोहफुलं वेचायला रानात जायला भीत, कारण अस्वलालाही मोहफुलं आवडतात. असं करत करत जमिनीवर त्यांना निर्धास्त उभं राहण्याजोगी जागाच उरली नाही. तरुणपणी ते नागपूरला पळाले, एका हॉटेलात काचा पुसायला राहिले आणि सत्तरच्या दशकात भंडाऱ्यात परतून त्यांनी स्वतःचा धंदा काढला. एवढ्या उंच जायची भीती वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. "वाट्टे नं जी," ते म्हणाले, "पण वर तं साप येत नाही."

काचा पुसण्याचं त्यांचं सामान साधंच होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लाकडी दांड्यात ठोकून बनवलेलं पाणी ओढायचं हत्यार, सोड्याच्या पाण्याची बादली, जुन्या धोतराची फडकी आणि शेवटचा हात फिरवायला वर्तमानपत्राचे बोळे. त्यांचा सगळा जीव मात्र अंबाडीच्या दोरात. आई लेकराच्या डोक्यातल्या उवा शोधते तसा तो दोर ते रोज सकाळी वीतवीत चाचपत. मग स्वतःच्या वजनाचं धानाचं पोतं त्याला बांधून अंगणातल्या कडुलिंबाला टांगत आणि त्याच्यासमोर बसून चहा पीत. चहा संपेपर्यंत पोतं पडलं नाही तर कामावर जायचं. मध्येच कुणी शिंकलं तर दुसरा चहा. एकदा दोर शाबूत राहिला, पण पोतंच उसवलं आणि गल्लीतल्या कोंबड्यांची दिवाळी झाली. मामाजींनी त्या दिवशी काम बंद ठेवलं. सासूबाई चिडल्या, "दोर तं तुटला नाही नं? मंग काहून बसले?" मामाजी गंभीरपणे म्हणाले, "आतला माल सांडला नं वो!"

पण त्यांची सगळ्यांत मोठी भीती होती बाहेर उघडणाऱ्या खिडकीची. आपण बाहेर लटकलेलं असावं आणि आतून कुणीतरी धाडकन खिडकी लोटावी, हे स्वप्न त्यांना पडायचं म्हणे. म्हणून ते आधी आत जाऊन प्रत्येक खिडकीची कडी लावत, कडीला सुतळी बांधत आणि काचेवर आतून कागद चिकटवत, "बाहेर माणूस आहे." घरमालकाला बाजूला घेऊन विचारत, "आज घरात भांडण तं नाही नं झालं?" रागातला माणूस खिडकी बघून उघडत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

मी तुमसरजवळच्या एका शाळेत मास्तर. मला दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. बाजारात बैल पाहावा तसं मला नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, "वजन किती भरते?" माझं वजन चांगलं दणदणीत होतं. त्यांच्या मुलीशी, सुमनशी, लग्न ठरलं. त्या प्रश्नाचा अर्थ मला पहिल्या दिवाळीला कळला. धोतर, टोपी, ओवाळणी असा जावयाचा सगळा मान झाला आणि जेवणानंतर मामाजी हळूच म्हणाले, "जवाईबापू, सकाळी जरासे येता का संगं?"

काम असं होतं. इमारतीच्या गच्चीवरून दोन दोरांनी एक पाट खिडकीसमोर सोडायचा, त्यावर मामाजी बसायचे. त्यांच्या कमरेला तिसरा दोर. तो वर गच्चीवर बसवलेल्या, विहिरीवर असते तशा गडगडीवरून खाली यायचा आणि त्याचं टोक माझ्या कमरेला! पाट सुटला तर मी त्यांना धरायचं. ओरडण्याची मामाजींना भीती वाटे, म्हणून खुणा ठरल्या होत्या. एक हिसका म्हणजे सैल सोडा, दोन हिसके म्हणजे घट्ट धरा. मी म्हटलं, "मामाजी, हा दोर खांबाला का नाही बांधत?"

"खांबाले काय फिकीर जी?" ते म्हणाले. "त्याले का संध्याकाळी घरी जाऊन माह्या पोरीले तोंड दाखवा लागते?"

तेव्हापासून दर सुटीला मी त्यांचा खांब झालो. मान वर करून त्यांच्या तळपायांकडे पाहत उभं राहायचं. त्यांची भीती दोरातून उतरून माझ्या पोटात यायची. घरी गेल्यावरही माझ्या मुठी आवळलेल्याच असत.

आणि एका पौषात, गावाबाहेरच्या एका कारखान्याच्या तीनमजली कचेरीवर, त्यांचं स्वप्न खरं झालं. कोपऱ्यातल्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ लोंबत होतं. मामाजींनी ती बाजू आधीच नाकारली आणि थंडीत माशा गप्प असतात म्हणून भल्या सकाळी दुसऱ्या टोकाला काम सुरू केलं. कड्या लावल्या, सुतळ्या बांधल्या, कागद चिकटवले. पण कचेरी भरली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाबूला तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायचा होता. त्यानं सुतळी ओढून तोडली आणि खिडकी लोटली.

पाट उलटला. माझे पाय जमिनीवरून सुटले, मी भिंतीवर जाऊन आदळलो आणि दोर दोन्ही तळव्यांतून सरसरत वर गेला. कसाबसा भिंतीला पाय लावून मी मागे रेललो, तेव्हा तो थांबला. वर मामाजी विहिरीतल्या बादलीसारखे गोल फिरत होते. त्यांची बादली फरशीवर पडून दणाणली आणि छज्ज्याखालची ती माशांची काळी चादर सळसळली. घुमणारा आवाज सुरू झाला. खिडकीतला बाबू तोंड भरलेलं घेऊन तसाच गोठला होता, त्याला थुंकायचीही भीती वाटत होती.

माशा मामाजींच्या मानेवर, कानावर बसल्या. घरात पाल चुकचुकली तरी खाटेवर चढणारा हा माणूस, पापणीसुद्धा न हलवता लटकून राहिला. दोराला दोन हिसके आले. मी धरलं. हात ओले झाले होते, कशानं ते मी पाहिलं नाही. घुमणं हळूहळू खाली बसलं. कितीतरी वेळानं एक हिसका आला, आणि मी त्यांना इंचाइंचानं उतरवलं.

जमिनीला पाय लागल्यावर त्यांनी आधी माझे तळवे उलटे केले. कातडी सोलून निघाली होती. ते खाली बसले आणि माझ्या कमरेची गाठ सोडू लागले. स्वतःच मारलेली गाठ, पण ती त्यांनाच सुटेना.

"मी समजून राहिलो होतो का मी तुमच्या भरवशावर लटकतो," ते गाठीकडे पाहत म्हणाले. "पण तुमीबी तं माह्याच दोराले बांधले होते जी. माशा तुमच्यावर आल्या असत्या, तं तुमी पळाले असते का?"

मी म्हटलं, "दोर सोडून कुठं पळणार, मामाजी?"

"तेच तं," ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून रडले.

त्यानंतर ते कधी वर गेले नाहीत. कारखान्याचे लोक कामाला बोलवायला दोनदा घरी येऊन गेले, मामाजींनी दारातूनच हात जोडले. दुकानांची शोकेसं, न्हाव्याचे आरसे, डॉक्टरांच्या बंगल्याच्या तळमजल्याच्या खिडक्या, एवढंच ते पुसत, स्टुलावर चढून. स्टूलही आधी हलवून पाहत.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. भंडाऱ्यात एका बँकेची उंच इमारत उभी राहिली, सगळ्या दर्शनी भागाला काच. एका संध्याकाळी मी त्यांना ती दाखवायला नेलं. ते थकले होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. कोणत्या काचेवर पाणी नीट ओढलेलं नाही ते त्यांनी मला बोटानं दाखवलं. आत दिवे लागले.

"जवाईबापू," ते म्हणाले, "वरून वैनगंगा दिसत असंल का जी?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस आकाशात टांगलेला होता, आणि भीतीपोटी त्यानं काचेवरची नजर काढून मागे वळून कधी पाहिलंच नव्हतं. मी तर कायम खालीच उभा होतो.

"दिसत असेल, मामाजी," मी म्हटलं. "पूर आल्यावर तर नक्कीच."

ते समाधानानं हसले, आणि आम्ही घरी निघालो.