नवसाबाईच्या पाठीवरचा हात

“हात कुनाचा ते आंगाला कळतं,” असं नवसाबाई नेहमी म्हणायची. कुणी मागून खांद्याला शिवलं तर वळून न बघता म्हणायची, आणि मग त्या माणसाचं नाव सांगायची. चुकलेली मी कधी ऐकली नाही.

ती पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. थंडी पडली की मजुरांच्या टोळीबरोबर दिंडोरीला द्राक्षांच्या विरळणीला यायची. त्या बागेला पाणी द्यायचं काम माझ्याकडे होतं. सत्त्याण्णव सालच्या हंगामात ती इथे घडातले मणी कातरत होती, आणि तिकडे तिचा नवरा बुधा तापानं गेला. निरोप पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. जाताना त्याचा हात आपल्या हातात नव्हता, हे तिच्या मनात रुतून बसलं.

पुढच्या हिवाळ्यात ती आली ती अंग खाजवतच. दिवेलागणीला तिच्या पाठीवर गांधी उठायच्या, लाल आणि तापलेल्या. फवारणीचं औषध बाधलं असेल, असं सगळे म्हणाले. मग एका संध्याकाळी तिच्या जोडीला काम करणारी सिंधुबाई आमसुलाचं पाणी चोळायला बसली, तिची चोळी वर केली, आणि वाटी हातात तशीच राहिली. पाठीवर एक हात उठला होता. अंगठा आणि तीन बोटं. करंगळीची जागा कोरी. बुधाच्या डाव्या हाताची करंगळी विळ्यानं गेलेली होती, हे टोळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

हात उजाडेपर्यंत विरून जायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी परत यायचा. सिंधुबाई भीती लपवायला थट्टा करायची.

“तुझा मेल्यावर तरी घरी येतो, नवसे. माझा जिता असून येत नाय.”

पित्त उठलं की घोंगडीत गुरफटून बसायचं, ही आमच्याकडची रीत. नवसाबाई ज्या घोंगडीत बसायची ती बुधाची होती. त्यांच्या पाड्यावर माणूस गेला की त्याची घोंगडी त्याच्याबरोबर देतात. बुधाची घोंगडी मात्र, तो गेला त्या हंगामाला येताना नवसाबाई अंगावर घेऊन आली होती, म्हणून तिच्याकडेच राहिली. पुढेही तिनं कुणाला दिली नाही. बायका कुजबुजू लागल्या, की तो घोंगडी मागायला येतो.

टोळी घाबरली तशी कारभारी मुकादमानं मला नवसाबाईबरोबर नाशिकला कातडीच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं पेनाच्या बोथट टोकानं तिच्या हातावर एक रेघ ओढली आणि बोलत राहिला. आमच्या डोळ्यांदेखत रेघ फुगून वर आली. कातडी दाबली, घासली गेली की अशीच उठते, म्हणाला. लोकर अंगाला लावू नका. बायका आणि डॉक्टर, दोघांनीही घोंगडीच सोडायला सांगितली. तिनं मान डोलावली आणि बाहेर येऊन ती पुन्हा खांद्यावर घेतली.

डॉक्टरनं गोळ्या दोन तऱ्हेच्या दिल्या. एक जुनी, पिवळी. दुसरी नवी, पांढरी, सेट्रीझीन. दोन्ही खाज थांबवतात, पहिलीनं झोप फार येते, दुसरीनं कमी. तुम्हाला कुठली मानवते ते घेतल्यावरच कळेल, आधी ही संपवा, मग ती.

पिवळीनं खाज निम्मी झाली, पण दिवसभर डोळे मिटायचे. स्टुलावर उभी असताना तिच्या हातातून कात्री गळायची. गुंगीत ती शेजारी थोडी जागा करून बसायची, आणि हळू आवाजात घरच्या भाताचं, कौलांचं बोलायची. पाठीवरचा हात फिका झाला, पण गेला नाही. शेवटी एकदा स्टुलावरून पडली, तेव्हा कारभारी म्हणाला, गोळी बदल नाहीतर घरी जा.

पांढरी सुरू झाली आणि चार-दोन दिवसांत पाठ कोरी झाली. खाज नाही, गुंगी नाही. कात्री झपाझप चालू लागली. सगळ्यांना हायसं वाटलं. नवसाबाईचं बोलणं मात्र बंद झालं. रोज संध्याकाळी ती सिंधुबाईपुढे पाठ करून बसायची, आणि सिंधुबाई ‘काय नाय’ म्हणाली की उठून जायची.

मी तिला पुन्हा नाशिकला नेलं तेव्हा डॉक्टर खूश झाला. ही गोळीच चालू ठेवू, म्हणाला. तेव्हा तिनं विचारलं.

“या गोळीनं तो यायचा थांबतो, का नुसता दिसायचा थांबतो?”

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. “गोळी पित्त उठू देत नाही, मावशी. बाकीचं मला ठाऊक नाही.”



विरळणी संपली त्या दुपारी टोळी निघायच्या आधीच तिनं पिशवी बांधली. आमच्यासमोर पांढरी गोळी पाण्याबरोबर गिळली. मग घोंगडीची घडी केली, द्राक्षाच्या तारेवर टाकली, आणि म्हणाली, “आता बगू. आंगाला कळंलच.”

आणि ती पेठच्या रस्त्याला लागली. मी, सिंधुबाई आणि कारभारी बांधावर उभे होतो. कुणी तिला शिवलं नव्हतं, लोकर अंगावर नव्हती. तरी चोळी आणि अंबाडा यांच्या मधल्या उघड्या मानेवर काहीतरी लाल होत चाललं होतं. सिंधुबाईनं माझं मनगट धरलं. अंगठा मला स्पष्ट दिसला. बोटं मोजायच्या आत ती लांब गेली होती.

नवसाबाईनं मान खाजवली नाही. मागेही बघितलं नाही. फक्त चाल थोडी हळू केली, आणि रस्त्याच्या एका कडेला सरकून चालू लागली, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून. वळणाआड होईपर्यंत आम्ही तिघं बघत होतो.