नंदकिशोरनं काढलेला गंधार

नंदकिशोरचं चाकणजवळच्या निघोज्यात कुणा कस्तुराशी सूत आहे, ही बातमी आमच्या सोसायटीत प्रभावतीबाईंनी आणली. सूत हा शब्द त्यांचा नव्हे. त्या नुसतं "तसलं काहीतरी" म्हणाल्या आणि भुवई उडवली. बाकीचं काम जिन्यानं केलं.

पुरावा भक्कम होता. रिटायर झालेला माणूस, दुपारचं जेवण झालं की पाठीवर फुगलेली पिशवी टाकून निगडीच्या स्टँडवरून बस धरायचा. शिवाय प्रभावतीबाईंनी जिन्यात स्वतःच्या कानांनी त्याला फोनवर बोलताना ऐकलं होतं, "कस्तुराबाई, निघालोय. घरी कळू द्यायचं नाही हं."

आता माणूस कसा, ते सांगतो. नंदकिशोरनं जन्मभर चाकणच्या एका कारखान्यात पार्ट तपासले. खराब पार्ट दिसला की त्यावर लाल चिकटपट्टी लावायची आणि बाजूला काढायचा. ही खोड घरीही आली. गळकी बादली, नासकं लिंबू, सगळ्यांवर लाल पट्टी. त्याच्या पत्नी पद्माताई शेजारणींना म्हणायच्या, "माझ्या पाठीवर बघा गं, लावली नाही ना?"

पद्माताईंचा गळा सुरेख. नोकऱ्या संपल्या की त्यांनी गायचं, यानं वाजवायचं, हा लग्नापासूनचा बेत. निरोपाच्या दिवशी कारखान्यातल्या मंडळींनी त्याला अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायचा भात्याचा बाजा, दिला. छोटा, याच्या कंबरेला झेपेल असा. घोडं अडलं ते तिथंच. या बाज्याच्या डाव्या अंगाला थोडीशी बटणं. कॉर्डचं एक दाबलं की तीन सूर एकदम निघतात: सा, ग आणि प. त्यातला ग, म्हणजे गंधार, कायम शुद्ध. मोठ्या बाज्यात कोमल गंधाराची बटणं वेगळी असतात, यात नाहीत. आणि पद्माताईंचं लाडकं गाणं नेमकं कोमल गंधाराचं.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या संमेलनात व्हायचं ते झालं. त्यांच्या गळ्यात कोमल, याच्या डाव्या हातात शुद्ध. कपबशीवर चमचा घासावा तसं झालं. बाई गाणं अर्धवट सोडून खाली बसल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्ही वाजवा. मी वडे वाढीन."

"डावा हात बंद ठेवतो."

"मग पेटी काय वाईट होती?"

त्यानंतर त्या घरातसुद्धा गुणगुणेनाशा झाल्या. बाजा उघडून दुरुस्ती करतो म्हटलं, तर त्यालाही नाही म्हणाल्या. लोकांनी मायेनं दिलेल्या वस्तूची चिरफाड नको. तेव्हापासून पिशवी आणि बस सुरू झाली. कुजबूज त्यांच्याही कानावर गेली. प्रभावतीबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, "घरातल्या माणसाचा सूर सापडेना यांना, बाहेरचा कुठून सापडायला?" पण त्या दिवशी भाजी खारट झाली होती, हे मी खाल्ल्यामुळे सांगू शकतो.

नंदकिशोरनं बाजा उघडून काय केलं असेल? जन्माची खोड. डाव्या अंगाच्या सगळ्या गंधारांच्या रीडवर, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या जिभांवर, लाल पट्ट्या चिकटवल्या. गंधार रिजेक्ट. बाजा बंद करून वाजवला, तर एका बटणातून पंचम गायब, दुसऱ्यातून चक्क षड्ज. आत रीड मोजक्याच, सगळ्या बटणांत वाटून घेतलेल्या. एका बटणाचा जो गंधार, तोच दुसऱ्याचा षड्ज असतो. म्हातारा कपाळाला हात लावून बसला. मग त्याच्या ध्यानात आलं, पार्ट एकही खराब नाही, जोडणी बदलायला हवी. कॉर्डच्या प्रत्येक बटणाखाली एक दांडी आणि दांडीला तीन खिट्ट्या असतात. तिन्ही खिट्ट्या आपापला सूर उघडतात. त्यानं पट्ट्या सोलल्या आणि प्रत्येक दांडीची गंधाराची खिट्टी तेवढी वाकवली. मोडली नाही, वाकवली. पुन्हा सरळ करता यावी म्हणून. आता डाव्या हाताला नुसते सा आणि प. गंधार उजव्या हातानं हवा तसा, शुद्ध किंवा कोमल. तेच बटण दोन्ही तऱ्हेच्या गाण्यांना चालू लागलं.

यंदाच्या संमेलनात पद्माताई खरोखरच वड्यांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. नंदकिशोरनं त्यांचंच गाणं काढलं. खरखरीची जागा जवळ आली, तशी बाईंच्या हातातली चटणीची पळी हवेत थांबली. जागा आली आणि गुळगुळीत निघून गेली. त्यानं ती ओळ पुन्हा वाजवली. बाईंनी पळी प्रभावतीबाईंच्या हातात दिली, पदराला हात पुसले, माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पट्टी जरा खाली घ्या."

पूर्ण गाणं झालं. वडे गार झाले.

कस्तुराबाई ही नंदकिशोरबरोबर कामाला असलेल्या सोनबाची आई. तिचं वय शहाऐंशी. तिच्या गोठ्यात बसून तो बाजा दुरुस्त करत होता.