निघून गेलेल्या रजनीच्या गावी

अर्जुनी मोरगावच्या स्टेशनवर माझ्यासोबत सात-आठ माणसं उतरली आणि मी सामान सावरेपर्यंत दिसेनाशीही झाली. पुण्याहून नागपूर, नागपूरहून गोंदिया आणि गोंदियाहून जंगलातून रमतगमत येणारी ही पॅसेंजर. अंग आंबून गेलं होतं. पिशवीत एक निळी फाईल होती. तिच्यात रजनी कुंभरे नावाच्या मुलीचे कागद होते, आणि सोमवारपर्यंत त्यांवर दोन सह्या हव्या होत्या: एक तिची, एक पालकांची. तो दिवस शुक्रवार होता.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत जाते. खेड्यापाड्यातल्या हुशार मुलांना परदेशात पुढे शिकायचं असेल, तर कुठली शिष्यवृत्ती कुठे मिळते, संशोधनासाठी अनुदान कोण देतं, अर्जात काय लिहावं, हे आम्ही शोधून देतो. रजनी त्यांतलीच एक. तिला तलावांच्या तळातल्या गाळावर काम करायचं होतं. त्या गाळात जुन्या पाणवनस्पतींचं बी वर्षानुवर्षं निजून राहतं, ते पुन्हा उगवतं का, हा तिचा प्रश्न. तिचा अर्ज वाचून मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

पण दोन महिने तिचा फोन बंद होता. मेलला उत्तर नव्हतं. आणि नेमकं आताच, निवड झालेल्यांतलं कुणीतरी गळून प्रतीक्षा यादी पुढे सरकल्यामुळे, युरोपातल्या एका विद्यापीठाची संपूर्ण शिष्यवृत्ती तिच्या नावावर आली होती. कुणीतरी जाऊन तिला गाठणं भाग होतं. मी निघाले.

केशोरीकडे जाणाऱ्या काळी-पिवळीत (प्रवासी जीपमध्ये) ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. धान कापून झालं होतं. कोरड्या बांध्यांतून (खाचरांतून) लाखोरीच्या कडधान्याची निळसर फुलं दिसत होती, आणि मधूनमधून एखादा तलाव, अगदी हालचाल नसलेला. ड्रायव्हरनं विचारलं, "कोनाकडं जायचं आहे, मॅडम?"

"कुंभऱ्यांकडे. रजनीकडे."

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. "रजनी? ते त गेली ना फॉरेनले. दोन महिने झाले."

"नाही हो, अजून जायची आहे."

"काय सांगून राहिल्या, मॅडम! मीच त सोडून आलो गोंदियाले. याच गाडीत. ढोल होता, हार होते."

मागच्या बाकावरच्या बाईनंही दुजोरा दिला. ती स्टेशनापर्यंत गेली होती. गाडी हलताना रजनी दारात उभी राहून हात हलवत होती, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी मांडीवरची फाईल घट्ट धरली. तिचा व्हिसा झालेला नव्हता. तिकीट निघालेलं नव्हतं. आतल्या पत्रावर अजून सहीच नव्हती. मग ती गेली कुठे?

गावाच्या चौकात जीप थांबली आणि समोर बॅनर दिसलं. 'परदेशात उच्च शिक्षणासाठी प्रस्थान केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' उन्हानं त्यातला लाल-पिवळा रंग खाल्ला होता, नुसता निळा उरला होता. रजनीचा चेहरा त्या निळ्यात पाण्याखालून बघितल्यासारखा दिसत होता. दोन्ही बाजूंना वाळलेल्या हारांचे दोरे लोंबत होते.

ते बॅनर एका अर्थानं मीच लावलं होतं. पहिल्या विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा रजनीनं मला फोन केला, पहिलं पान वाचून दाखवलं. मी उत्साहाच्या भरात म्हणाले, "अगं, झालं तुझं! घरी सांग, पेढे वाट." दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की प्रवेश आहे, पण आर्थिक मदत नाही. ते आम्ही दोघींनी दुसऱ्या दिवशी वाचलं. तोवर गावात बातमी पोचली होती. "थांब, दुसरीकडून नक्की मिळेल," असं मी तिला सांगत राहिले. पुढच्या एका ठिकाणाहून नकार आला. मग तिचा फोन लागेनासा झाला, आणि ती कंटाळली असेल असं समजून मी दुसऱ्या मुलांच्या अर्जांकडे वळले.

घर तलावाच्या पाळीला लागून होतं. शेणानं सारवलेलं अंगण, कोपऱ्यात पेनाचं (कुळदेवाचं) ठाणं. रजनीची आई दारात आली. मी संस्थेचं नाव सांगितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तिकडूनच आल्या का तुमी? कशी आहे माही पोरगी? जेवते का बराबर?"

मी म्हणाले, "पुण्याहून आले." तिला तेवढ्यानंही समाधान वाटलं. पुणे त्या वाटेवरच कुठेतरी असावं, असं तिला वाटलं असेल.

वडील ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. आईनं जेवायला वाढलं. गरम भात, लाखोरीचं वरण, वांग्यात सुकी मासोळी. जेवणानंतर ती मला सांदवाडीत (परसदारी) घेऊन गेली. तिथे तेलाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, मडकी अशी रांग होती. प्रत्येकात काळा गाळ आणि वर बोटभर पाणी. रजनीच्या अक्षरात खोलीचे आकडे लिहिलेले होते. सगळ्यात खोल थराच्या डब्यातून पाच बारीक, फिकट पाती वर आली होती.

"रजनी गेल्यावर उगवलं हे," आई हळू आवाजात म्हणाली. "मी पानी घालतो रोज. शेजारची म्हातारी म्हनते, हे गवत तिच्या लहानपनी होतं तलावात. मंग दिसलं नाही कधी. आता कोठून आलं का मालूम."

वारा नव्हता. तरी ती पाती हलत होती. पाण्यात काहीतरी बारीक वळवळत असावं. मी जवळ जाऊन पाहिलं नाही. आयुष्यभर वनस्पती पाहिल्या, त्या दिवशी धीर झाला नाही.

चार वाजता आईनं पदराला हात पुसले आणि मोबाईल घेऊन खाटेवर बसली. वडील उठून बाहेर गेले. "आता येते तिचा फोन. रोज चारले. तिकडं सकाळ असते म्हने."

फोन वाजला. आई बोलत होती, हसत होती. थंडी आहे का, भात भेटते का. मग एकदम म्हणाली, "थांब, तुह्या पुन्याच्या मॅडम आल्या आहेत," आणि फोन माझ्या हातात दिला.

"रजनी?" मी म्हणाले.

पलीकडे श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. मग त्या शांततेच्या मागून, लांबून, पण अगदी स्पष्ट, तीन स्वरांची ती ओळखीची धून वाजली आणि एक बाई हिंदीत सांगू लागली की बल्लारशाहकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाटावर येत आहे. सकाळी गोंदियाला मी हीच घोषणा ऐकली होती.

"मॅडम," रजनी कुजबुजली, "आईसमोर काही नका बोलू." आणि फोन बंद झाला.

आई माझ्याकडे आशेनं बघत होती. "चांगली आहे ना?"

"आवाज चांगला आहे," मी म्हणाले. त्या घटकेला एवढंच खरं होतं.

सकाळी वडील मला जीपपर्यंत सोडायला निघाले. तलावावर धुकं इतकं दाट होतं की पाळीवरून चालताना दोन्हीकडे काहीच नव्हतं. पाणी नाही, शेत नाही. त्यांची पाठही मधूनच दिसेनाशी व्हायची. अर्ध्या वाटेवर ते थांबले, पण वळले नाहीत.

"मी पायलं तिले," ते म्हणाले. "पंधरा-वीस दिस झाले. धान घेऊन गेलतो गोंदियाले. स्टेशनच्या मांगं ते फारम भरायचं दुकान आहे ना, तिथं बसली होती. तोंडाले रुमाल बांधून. डोये पाहून वरखलं, माहीच पोरगी."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"कसा बोलू, बाई? गाडीत बसवून देल्ली होती मी तिले. पेनाले सांगून पाठवलं होतं. पोरगी तिकडं आहे, मंग हे इथं कोन व्हय? मी समजलो, तिकडंच काही झालं तिचं, अन् हे आता इकडं फिरून राहिलं." ते पुन्हा चालू लागले. "तिच्या मायले सांगतलं नाही. रोज फोन येते. मले त्या आवाजाचं भेव वाटते."

मी त्यांना म्हणाले, "दादा, ती जिवंत आहे. चूक माझी होती." आणि दुसऱ्या पानाची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. विश्वास ठेवला की नाही, ते धुक्यात कळलं नाही.

गोंदियाला ते दुकान सापडायला वेळ लागला नाही. 'ऑनलाईन फॉर्म, स्कॉलरशिप, झेरॉक्स' अशी पाटी. आत कॉम्प्युटरपुढे गुलाबी स्कार्फ गुंडाळलेली मुलगी एका विद्यार्थिनीला विचारत होती, "इन्कम सर्टिफिकेट लाये क्या? नहीं तो फॉर्म रिजेक्ट होता." मला पाहताच तिची बोटं की-बोर्डवर तशीच राहिली.

आम्ही फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसलो. तिनं स्कार्फ सोडला नाही.

"तारीख सांगून बसले होते सगळ्यांना," ती म्हणाली. "मग नकार आला. घरी खरं सांगावं म्हटलं तर दारात ढोल. बसले गाडीत. तिरोड्याला उतरले, दुसऱ्या गाडीनं परत आले. म्हटलं, दोन दिवसांत खरं सांगीन. नवं सिम घेतलं, आईला तो तिकडचा नंबर म्हणून सांगितला, अन् या दुकानात कामाला लागले. मॅडम, गावचे लोक इथे रोज दिसतात. शेजारून जातात. त्यांच्या डोक्यात मी इथे नाहीच, तर त्यांना मी दिसतच नाही. कधीकधी मलाच वाटते, मी गेले असेल, अन् इथे काहीच नाही उरलं."

"मेल का उघडली नाहीस?"

"पुन्हा नाही म्हटलं असेल तर?"

मी फाईल तिच्या मांडीवर ठेवली. "या वेळी दोन्ही पानं मी चारदा वाचलीत. तू वाच."

तिनं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग स्कार्फ खाली ओढला. दोन महिने उन्हाशिवाय राहिलेला तिचा चेहरा पांढुरका पडला होता.

"पालकांची सही लागेल," मी म्हणाले. "घरी यावं लागेल."

तिनं कागद नीट लावून फाईल बंद केली. मग म्हणाली, "उद्या. दिवसाउजेडी जाऊ."

रविवारी दुपारी आम्ही चौकात उतरलो. हातपंपावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. पंपाचा दांडा एकीच्या हातात वर तसाच राहिला. एका म्हातारीनं रजनीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिची नजर पावलांवर खिळली, ती सरळ आहेत याची खात्री होईपर्यंत. कुणी हाक मारली नाही. आम्ही चालत गेलो तसतशी घरांची दारं माणसांनी भरत गेली.

आई अंगणात धान पाखडत होती. तिनं मान वर केली. पुढे आली नाही, मागेही गेली नाही.

"चार नाही वाजले अजून," ती म्हणाली.

"आई, मी व्हय."

"चारले येते तिचा फोन."

रजनीनं जवळ जाऊन तिचा हात आपल्या गालावर ठेवला. आईची बोटं कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरली, अंधारात वस्तू चाचपावी तशी. मग तिनं रजनीच्या पाठीत जोरात एक धपाटा घातला आणि मोठ्यानं रडायला लागली. तो आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला.

वडील ओसरीवर उभे होते. रजनीनं त्यांना सगळं सांगितलं, न थांबता. ते म्हणाले, "मले काऊन नाही सांगतलं?" आणि उत्तराची वाट न पाहता कागद मागितला. वळणदार, संथ सही केली. संध्याकाळी रजनी स्वतः चौकात गेली आणि जमलेल्या माणसांना म्हणाली की ती गेली नव्हती, खोटं बोलली होती, आता जायची आहे. दोघेचौघे हसले, एक जण रागावला, बाकीचे गप्प उठून गेले.

पण त्याआधीची एक गोष्ट विसरता येत नाही. चार वाजता आई फोन घेऊन खाटेवर जाऊन बसली होती. रजनी समोर चहा पीत होती. आईनं तिच्याकडे एकदा पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, आणि काच काळी असताना पाच मिनिटं तशीच बसून राहिली.

सोमवारी मी गोंदियातून कागद पाठवले आणि नागपूरच्या गाडीत बसले. खिडकीतून भाताच्या गिरण्यांची धुराडी मागे गेली. इतकी वर्षं मी मुलांना दूरच्या देशांत पाठवते आहे, पण मागे राहिलेल्या माणसांकडे त्या मुलांचं काय उरतं, हे मी कधी पाहायला गेले नव्हते. रोज ठरल्या वेळी येणारा एक आवाज, एवढंच उरतं. त्या आवाजावर लोक दिवस काढतात.

रजनी खरोखर गेली. तिला तिथे प्रयोगशाळा मिळाली, थंडीही भरपूर मिळाली. ती मला फोटो पाठवते. परवा तिच्या आईचा फोन आला.

"मॅडम, खरंच तिकडं आहे ना?"

"हो, आहे," मी म्हणाले.

"तुमी पाहून आल्या का?"

मी कधीच परदेशात गेलेले नाही. पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. "नाही," मी म्हणाले, "मी पाहिलेलं नाही."

"मंग हो कायले म्हनता?" ती म्हणाली. रागानं नाही, अगदी शांतपणे. आणि उत्तराची वाट पाहत फोन कानाला लावून राहिली.